उतारावर रात्रभर लावलेली डिझेल गाडी सकाळी लागत नाही, सपाटीवर एकदम ओके, काय बघू?

टेंबलाई_चढ (सोमवार, सकाळी ८.१०)

नमस्कार मंडळी. मी टेंबलाईवाडीत राहतो, आमची गल्ली टेकडीच्या अंगाला आहे आणि गेटासमोर जागा एवढीच की गाडी तोंड वर करूनच लावावी लागते. गाडी २०१२ ची डिझेल, सात सीटर, कॉमन रेल, १ लाख ६८ हजार किमी झालेत.

रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारायचा, आठ-दहा सेकंद नुसतं घरघर, थांबायचं, परत तेच, आणि तिसऱ्या नाहीतर चौथ्या वेळेला भस्सकन धूर टाकून लागते, मग अर्धा मिनिट अडखळते आणि त्यानंतर दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही तक्रार नाही. ऑफिसला शिरोलीत दिवसभर सपाटीवर उभी असते, संध्याकाळी एका सेल्फात लागते.

आतापर्यंत बॅटरी नवीन टाकली, स्टार्टर खोलून दिला, चारही हीटर प्लग (थंड इंजिनात आतली हवा तापवणारे) बदलले, साडेअकरा हजार गेले आणि फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) बाहेर काढून करून घ्या, खर्च चाळीसच्या घरात. आईला गुरुवारी पहाटे दवाखान्यात न्यायचं असतं, मागच्या गुरुवारी वीस मिनिटं गाडी लागेना आणि आई गेटात काठी टेकून उभी. ते बघवलं नाही म्हणून इथं विचारतोय. इंजेक्टरला हात लावायच्या आधी काय बघू?

चांगभलं_भावा (सोमवार, सकाळी ८.३२)

भावा क्लच गेलाय तुझा. हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, थोडी रेस दे आणि क्लच सोड. इंजिन झटक्यात बंद पडलं तर क्लच बरा, नुसतंच घुमत राहिलं तर प्लेट संपली. जोतिबाच्या चढाला चैत्रात गर्दीत माझी अशीच उचलत नव्हती.

टेंबलाई_चढ (सोमवार, सकाळी ८.४०)

दादा, गाडी चढाला उचलत नाही असं नाही हो, इंजिनच लागत नाही. एकदा लागली की चढ खुशाल चढते.

चांगभलं_भावा (सोमवार, सकाळी ८.४४)

व्हय व्हय, मी वाचलं उलटं. मग क्लच सोडा, त्याचा संबंध न्हाई.

वर्कशॉपकाका (सोमवार, सकाळी ९.१५)

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे, सकाळी वेळ असतो म्हणून सविस्तर विचारतो. सेल्फ मारताना, म्हणजे लागायच्या आधी, सायलेन्सरमधून धूर येतो का? आला तर कुठल्या रंगाचा? एकाला मागं उभं करा आणि बघायला सांगा, अंदाजानं उत्तर देऊ नका. दुसरं, चावी ऑन केल्यावर मागच्या टाकीतून दोन-तीन सेकंद घुंई असा आवाज येतो का? तिसरं, बॉनेटखाली डिझेल फिल्टरवर हातानं दाबायचा पंप आहे का?

टेंबलाई_चढ (मंगळवार, सकाळी ७.५०)

काका, आज मुलाला मागं उभं केलं होतं. सेल्फ फिरताना धूर अजिबात नाही, टिपूससुद्धा नाही. लागताना मात्र एकदम पांढरट-काळा लोट. टाकीतून आवाज नाही. फिल्टरच्या डोक्यावर काळं दाबायचं बटण आहे, त्यालाच हँड प्रायमर म्हणतात ना?

वर्कशॉपकाका (मंगळवार, सकाळी ८.२०)

हो, तोच. आता ऐका, तुमची अर्धी तपासणी इथंच झाली. सेल्फ फिरताना पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही असा अर्थ, मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन ही वाट. तुमच्याकडं धूरच नाही म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. कॉमन रेल इंजिनात रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या जाड नळीत, साधारण दोनशे बारच्या आसपास प्रेशर तयार झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडायची परवानगीच देत नाही, आणि ते प्रेशर बनवणाऱ्या मोठ्या पंपाच्या तोंडाशी डिझेलऐवजी हवा असेल तर प्रेशर येणार कुठनं? हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. म्हणून ती हवा बाहेर जाईपर्यंत तुम्ही तीन-चार सेल्फ मारताय.

आणि बॅटरी-स्टार्टरवर खर्च करण्याआधी एक प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता, की तीच बॅटरी संध्याकाळी शिरोलीत एका सेल्फात गाडी कशी लावते? बॅटरीला चढ-उतार कळत नाही. मला याचा मनापासून राग येतो, माणसाचे पैसे जातात आणि रोग तिथंच राहतो.

टाकीत मोटर नाही म्हणजे तुमची लाइन ओढून घेणारी आहे, टाकी मागं खाली, पंप पुढं वर. गाडी तोंड वर करून लावली की डिझेल रात्रीत मागं टाकीत उतरतंय असा माझा दाट संशय आहे.

ऊसपाणी_शिरोळ (मंगळवार, सकाळी ९.०५)

काका एकदम बरोबर बोलले, हे तर आमच्या नदीवरच्या मोटरीचंच दुखणं हाय. पंप काठावर, पाणी खाली, मध्ये सक्शन पाइप. फूटवाल, म्हंजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, धरत नसला की लाइट गेल्यावर पाइपातलं पाणी नदीत उतरतं आणि लाइट आल्यावर मोटर नुसती कोरडी फिरती, मग बादलीनं पंपात पाणी भरत बसा. आणि कधी कधी फूटवाल ठणठणीत असतो पण ग्लँडची, म्हंजे पंपाच्या दांड्याभोवतीची, दोरी झिजलेली असती, तिथनं पाणी एक थेंब गळत न्हाई पण मोटर चालू असताना हवा आत ओढती, पाणी तुटक तुटक येतं. नवीन माणूस गळती शोधत फिरतो आणि त्याला कुठं ओल दिसत न्हाई. सक्शनच्या बाजूला भोक असलं तर पाणी बाहेर येत न्हाई, हवा आत जाती, एवढं डोक्यात धरलं की निम्मं काम झालं.

वर्कशॉपकाका (मंगळवार, सकाळी ९.४०)

ऊसपाणी, तुम्ही माझ्यापेक्षा सोप्पं सांगितलंत. त्यात एकच भर घालतो. कोल्ड्रिंकच्या नळीत डिझेल भरून वरचं टोक बोटानं बंद केलं तर ते खाली पडत नाही, बोट उचललं की पडतं. तसंच इथं. वरच्या अंगाला कुठूनतरी हवा शिरल्याशिवाय डिझेल मागं उतरूच शकत नाही. म्हणजे आपल्याला डिझेल कुठं जातंय ते शोधायचं नाही, हवा कुठून येते ते शोधायचंय.

टेंबलाई, तीन रात्री लागतील. आज रात्री गाडी उलटी लावा, तोंड उताराकडं. उद्या परत नेहमीसारखी तोंड वर. परवा परत तोंड वर, पण सकाळी सेल्फ मारायच्या आधी प्रायमर दाबा आणि तो पोकळ लागतो की घट्ट ते हाताला बघा, घट्ट होईपर्यंत दाबा आणि मगच सेल्फ मारा. दर वेळी टाकीत डिझेल किती आहे ते लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

बावडा_पिकअप (मंगळवार, दुपारी १.२५)

मी रोज कोल्हापूर-गगनबावडा-वैभववाडी भाजीची गाडी मारतो, करूळ घाटातनं. टेंबलाई दादा, उलटी लावताना एक सांगतो, कळकळीनं सांगतो. तोंड उताराला असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवा, तोंड वर असेल तर पहिला, स्टिअरिंग भिंतीकडं वळवा आणि चाकाला दगड नाहीतर लाकडी ओंडका लावाच, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका.

आणि लागत नाही म्हणून उतारावर सोडून गिअरमध्ये टाकून सुरू करायचा मोह होतो, तो करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूम नसतो, साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा पॅडल नीट लागतं, मग दगडासारखं घट्ट होतं, पॉवर स्टिअरिंग पण जड. आमच्यातला एक पोरगा बावड्याच्या अलीकडं असाच नाल्यात गेला, वाचला, पण सहा महिने घरी होता. स्टार्टिंगचा स्प्रे पण मारू नका, हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो आतच भडकतो.

राजारामपुरी_ताई (मंगळवार, रात्री ९.१०)

माझा प्रश्न याच्याशी संबंधित आहे म्हणून इथंच विचारते. माझी पेट्रोल कार आहे, पन्हाळ्यावर माहेरी गेले की घराशेजारी चढावर उभी असते आणि दोन-तीन वेळा सकाळी असंच झालं, एरवी कधीच होत नाही. माझंही पेट्रोल मागं उतरत असेल का?

वर्कशॉपकाका (मंगळवार, रात्री ९.४५)

ताई, त्या दिवशी काटा कुठं होता? पेट्रोल गाडीत मोटर टाकीतच बुडालेली असते आणि ती पुढं ढकलते, त्यामुळं तुमचा प्रकार वेगळा. टाकीत पेट्रोल कमी आणि गाडी तिरकी असेल तर सगळं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि मोटरीचं तोंड उघडं पडू शकतं. पाव टाकीच्या खाली असताना चढावर लावू नका, मोटरपण त्याच पेट्रोलनं थंड राहते. आणि सेल्फ मारायच्या आधी चावी ऑन करा, तीन सेकंद थांबा, ऑफ करा, परत ऑन, मग सेल्फ. त्यानं लगेच लागली तर लाइनचं प्रेशर रात्रीत उतरतंय, मोटरीतला नॉन-रिटर्न वाल्व, म्हणजे पेट्रोल मागं जाऊ न देणारी झडप, बघायला लागेल.

पण ताई, आम्ही इथं पाइप सोडायचं वगैरे बोलू, ते तुमच्या गाडीत स्वतः करायचं नाही. पेट्रोलची लाइन तीन-चार बार प्रेशरखाली असते, पाइप सोडला की फवारा उडतो आणि एक ठिणगी पुरते.

टेंबलाई_चढ (शुक्रवार, सकाळी ८.३०)

तीन रात्री झाल्या.

मंगळवारी रात्री शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढून जागा दिली, उलटी लावली, टाकी त्याच दिवशी फुल केलेली. बुधवारी सकाळी एका सेल्फात, दोन सेकंदपण नाही! गेल्या दोन महिन्यांत घरापुढं असं झालं नव्हतं, मी दोनदा बंद करून बघितली. बुधवारी रात्री तोंड वर, गुरुवारी सकाळी (आईला रिक्षानं पाठवलं) चार सेल्फ. काल रात्री परत तोंड वर आणि आज प्रायमर. काका, पहिले पंधरा-वीस दाब अगदी पोकळ, आत काहीच नसल्यासारखं, मग हळूहळू जड होत गेलं आणि तिसाव्या दाबाला घट्ट. सेल्फ मारला, लगेच लागली.

अजून एक, गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन मोजलं, पुढची चाकं मागच्यापेक्षा सव्वा फूट वर आहेत.

वर्कशॉपकाका (शुक्रवार, सकाळी ९.००)

शाब्बास. असं लिहून ठेवणारा माणूस भेटला की बरं वाटतं. आता इंजेक्टरचे चाळीस हजार विसरा.

सपाटीवर का चालते तेही सांगतो. सपाटीवरपण फिल्टर टाकीपेक्षा थोडा वरच असतो, म्हणजे ओढ तिथंही आहे, पण कमी. गल्लीत तुम्ही त्यात सव्वा फुटाची भर घालता. एक मीटर उंचीचं डिझेल म्हणजे साधारण ०.०८ बारची ओढ, ऐकायला काहीच नाही, पण केसाएवढ्या फटीतून बारा तासांत हवा ओढायला तेवढी पुरते. शिरोलीत आठ-नऊ तास आणि ओढ कमी, म्हणून तिथं निभावतं.

ती लेव्हलची नळी फेकू नका, तीच कामाला येणार.

उद्यमनगर_नोझल (शुक्रवार, सकाळी १०.३०)

आमचं पंप-नोझलचं काम आहे शिवाजी उद्यमनगरात. काकांशी सहमत. इंजेक्टरमधून रिटर्न, म्हणजे न वापरता परत जाणारं डिझेल, जास्त जात असेल तर प्रेशर बनत नाही हे खरं, पण तो त्रास बहुतेक वेळा इंजिन गरम असताना जास्त होतो कारण गरम डिझेल पातळ होतं, आणि तो चढ बघून येत नाही. यांची गाडी गरम असताना बिनतक्रार लागते. शंका असेलच तर आधी रिटर्नची टेस्ट करा, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावायची आणि चारहीमध्ये किती साठतं ते बघायचं. इंजेक्टर न काढता होते ही टेस्ट.

नळीबद्दल: फिल्टर ते पंप या पाइपाच्या जागी पारदर्शक नळी टाका, दोन्हीकडं क्लिप आवळा, प्रायमरनं हवा काढा, गाडी चालू करून दहा मिनिटांनी बघा. सुरुवातीचे बुडबुडे धरू नका. नंतरही येत राहिले तर हवा फिल्टरमधून किंवा त्याच्या मागून येते. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडं, टाकीच्या बाजूला लावा. तिथं स्वच्छ आणि पुढं बुडबुडे, तर चोर फिल्टरमध्येच. ही नळी फक्त तपासायला, ठेवून द्यायची नाही, डिझेलनं ती कडक होते आणि क्लिपमधून सुटते. आणि मोठ्या पंपाच्या पुढच्या लोखंडी पाइपांना हात लावू नका, चालू इंजिनात तिथं हजार बारच्या वर प्रेशर जातं, ती धार कातडीतून आत शिरते.

ऊसपाणी_शिरोळ (शुक्रवार, दुपारी १२.१५)

फिल्टर कधी बदललाय शेवटचा?

टेंबलाई_चढ (शुक्रवार, दुपारी १२.४०)

जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर. आणि त्रास सुरू झाला तो, आता तुम्ही विचारल्यावर आठवतंय, जूनच्या शेवटाला. मी पावसामुळं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

ऊसपाणी_शिरोळ (शुक्रवार, दुपारी १२.५२)

बघा. दोरी बदलली आणि मोटर बिघडली, तर आधी दोरीच बघायची.

टेंबलाई_चढ (रविवार, संध्याकाळी ६.२०)

आज दुपारभर हेच केलं, मेहुणा आला होता मदतीला. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये नळी टाकली, दहा मिनिटांनी बघितलं तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग, रेस दिली की जास्त. मग नळी टाकीकडच्या बाजूला लावली, तिथं पिवळं स्वच्छ डिझेल, एक बुडबुडा नाही. म्हणजे फिल्टर.

पण फिल्टरला पाच जागा आहेत, वर प्रायमर, हवा काढायचा स्क्रू, दोन पाइपांची तोंडं आणि खाली पाणी काढायचा स्क्रू, सगळं बाहेरून कोरडं ठाक. प्रायमर जुना दिसतोय म्हणून तोच बदलावा असं मेहुण्याचं म्हणणं. थांबलोय, काका काय म्हणता?

वर्कशॉपकाका (रविवार, संध्याकाळी ६.४५)

थांबलात ते बरं केलंत. नळी परत पंपाच्या बाजूला लावा, इंजिन चालू ठेवा, आणि एकेका जागेवर बोटानं घट्ट ग्रीस थापा. एका जागेला लावलं की दोन मिनिटं नळीकडं बघा. साबणाचं पाणी इथं उपयोगाचं नाही, हवा बाहेर येत नाही तर फेस कसा येईल. ग्रीस मात्र आत ओढलं जाऊन फट बुजवतं. ज्या जागेला बुडबुडे थांबतील ती जागा. पंख्यापासून हात आणि बाही सांभाळा.

टेंबलाई_चढ (रविवार, रात्री ८.०५)

सापडलं!! प्रायमरला लावलं, काही नाही. वरच्या स्क्रूला, काही नाही. पाइपांना, काही नाही, मी म्हटलं झालं आता परत गॅरेज. शेवटी फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा प्लॅस्टिकचा स्क्रू आहे त्याला खालून ग्रीस थापलं आणि मेहुणा ओरडला, थांबले! पाच मिनिटं बघत बसलो, एक नाही. ग्रीस पुसलं, मिनिटाभरात परत सुरू.

स्क्रू काढला तर त्याची ओ-रिंग (रबरी कडी) एका बाजूला चिमटून कापली गेलीय. नवीन फिल्टर बसवताना जुनीच ओ-रिंग तिरकी आवळलेली दिसतेय.

आणि काका, मंगळवारी रात्री गाडी उलटी लावली होती ना, बुधवारी सकाळी बॉनेट उघडल्यावर डिझेलचा वास आला होता आणि खाली फरशीवर रुपयाएवढा डाग होता. मला वाटलं शेजाऱ्यांच्या गाडीचा असेल. तो याच स्क्रूचा!

वर्कशॉपकाका (रविवार, रात्री ८.३०)

अगदी बरोबर. टाकी फुल, तोंड खाली, म्हणून ओढ जवळजवळ संपली आणि त्याच फटीतून थेंबभर बाहेर आलं. एरवी तिथूनच हवा आत.

ओ-रिंग डिझेलला चालणारी घ्या, नायट्राइल म्हणून मागा. नळाच्या दुकानातली साधी रबरी वायसर लावू नका, काही रबर डिझेलमध्ये फुगतं. जुनी मापाला घेऊन जा, बसवताना बोटभर डिझेल लावून बसवा.

उद्यमनगर_नोझल (रविवार, रात्री ९.००)

उद्या या, मापाची निघेल. पंधरा-वीस रुपयांत काम आहे.

टेंबलाई_चढ (पुढचा शनिवार, सकाळी ७.३०)

सोमवारी ओ-रिंग टाकली, वीस रुपये. नळी काढून मूळ पाइप परत लावला, प्रायमरनं हवा काढली. पाच रात्री तोंड वर लावली, त्यात एक रात्र मुद्दाम टाकी पावच्या खाली असताना. पाचही सकाळी पहिल्या सेल्फात. गुरुवारी पहाटे साडेपाचला आई गाडीत बसली, मी चावी फिरवली आणि लागली, आई म्हणाली, झाली का बरी? मला खरंच भरून आलं. काका, ऊसपाणी दादा, नोझलवाले, बावड्याचे दादा, तुमचे उपकार आहेत.

गॅरेजवाल्यांनाही जाऊन दाखवलं, भांडलो नाही, कापलेली ओ-रिंग त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ दाखवला. तिथल्या लहान पोरानं सगळं नीट विचारून घेतलं.

राजारामपुरी_ताई (शनिवार, सकाळी ९.५०)

माझंही सांगते. मागच्या रविवारी पन्हाळ्याला जाताना खाली अर्धी टाकी भरून गेले, रात्रभर चढावर होती, सकाळी लगेच लागली. त्या तिन्ही वेळा काटा लाल पट्टीजवळ होता हे आता आठवतंय.

वर्कशॉपकाका (शनिवार, सकाळी १०.१५)

छान. टेंबलाई, पावसाळ्यात त्या स्क्रूतून महिन्या-दोन महिन्यानं पाणी काढत जा, पण आवळताना पक्कड लावू नका, प्लॅस्टिकचा आटा जातो आणि मग अख्खा फिल्टरच बदलायला लागतो.

टेंबलाई_चढ (शनिवार, सकाळी १०.२०)

हातानंच आवळलाय काका.